बॅटवरचं नाव आणि फोनमधलं कार्ड

5 मार्च 2023 ची संध्याकाळ. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला प्रीमियर लीगचा पहिलाच हंगाम, यूपी वॉरियर्झ विरुद्ध गुजरात जायंट्स. किरण नवगिरे खेळायला आली तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याही कंपनीचं स्टिकर नव्हतं. तिथं हातानं लिहिलेलं होतं, 'एमएसडी 07'. किरण सोलापूर जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. त्या दिवशी तिनं 43 चेंडूंत 53 धावा काढल्या, पण गाजली ती अक्षरं. धोनीवरची भक्ती, तीही सगळ्या देशासमोर, आणि खर्च काय तर थोडी शाई.

याच चाहतेपणाला भाव लावणारा बाजार तोवर जगभर मांडून झाला होता. गाजला तो बास्केटबॉलमुळे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॅपर लॅब्ज या कंपनीनं 2020 मध्ये 'एनबीए टॉप शॉट' आणलं. सामन्यातली काही सेकंदांची क्लिप घ्यायची, तिच्या मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीला अनुक्रमांक द्यायचा आणि कोणती प्रत कुणाची हे ब्लॉकचेनच्या खातेवहीत नोंदवायचं. हाच तो एनएफटी. तीच क्लिप यूट्यूबवर फुकट दिसते. विकत मिळते ती नोंद, क्लिपचे हक्क नव्हेत. तरीही खेळाडूच्या जर्सीचा आकडा आणि प्रतीचा क्रमांक जुळला की भाव चढायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये लेब्रॉन जेम्सच्या एका डंकच्या क्लिपला दोन लाख डॉलरांहून जास्त मिळाले.

बास्केटबॉलला इतके, तर क्रिकेटला किती, हा हिशोब आपल्याकडे व्हायला वेळ लागला नाही. आयसीसीशी करार करून क्रिकेटचे एनएफटी विकणाऱ्या फॅनक्रेझनं मार्च 2022 मध्ये दहा कोटी डॉलर उभे केले. पुढच्याच महिन्यात क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डं विकणाऱ्या रारिओ या कंपनीत बारा कोटी डॉलर आले, ड्रीम इलेव्हनच्या मुंबईकर मालकांच्या ड्रीम कॅपिटलच्या पुढाकारानं. त्याच एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून केंद्रानं अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर बसवला होता. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करायची सोयही ठेवली नाही. जुलैपासून व्यवहारामागे एक टक्का टीडीएस. याला छंद म्हणायचं की सट्टा, यावर कंपन्या परिसंवाद भरवत होत्या. अर्थखात्यानं आपलं मत दरपत्रकातच छापून टाकलं. त्यात वर्षभरात क्रिप्टोचा बाजार कोसळला आणि कार्डांचे भावही त्याच्याबरोबर खाली आले.

खरं तर जमवण्याचा नाद आपल्याला नवा नाही. 1999 च्या विश्वचषकाआधी ब्रिटानियानं 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' ही योजना काढली. बिस्किटांच्या वेष्टनावर धावा छापलेल्या असत. शंभर झाल्या की एक पुस्तिका मिळायची आणि नशीब असेल तर इंग्लंडची वारी. बिस्किटं नको असली तरी पुडे घरात येत. त्या वेष्टनाला बाजारात दमडीची किंमत नव्हती, पण 'माझ्या नव्वद झाल्या' हे वर्गात सांगण्याला होती. नव्या कार्डांच्या जाहिरातीत मात्र आनंदाआधी परतावा यायचा. विकत घेणारा खेळ बघण्याऐवजी भावफलक बघू लागला आणि भाव पडताच निघून गेला.

दुर्मीळपणाचा पाया किती कच्चा आहे, हे न्यायालयातही दिसलं. एमपीएल या ऑनलाइन गेमिंग कंपनीच्या गटातल्या 'स्ट्रायकर'नं खेळाडूंची नावं, चित्रं आणि आकडेवारी वापरून कार्डं काढली, तेव्हा रारिओवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सोबत मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासारखे खेळाडू. म्हणणं एवढंच, की हक्क आम्ही पैसे मोजून घेतले आहेत. 26 एप्रिल 2023 ला न्या. अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचं नाव आणि त्याची कामगिरी ही सर्वांसमोर असलेली माहिती आहे, तिच्यावर एकाची मक्तेदारी चालणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

याउलट खऱ्या वस्तूचं बघा. पुण्याच्या सहकारनगरमध्ये रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे. मे 2020 मध्ये पाकिस्तानच्या अझर अलीनं कोरोनाग्रस्तांच्या मदतीसाठी आपली बॅट लिलावात काढली. 2016 मध्ये दुबईत वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 302 धावा केल्या ती बॅट. पुण्याच्या या संग्रहालयानं ती दहा लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. इथं बॅट एकच, नाबाद 302 एकदाच, आणि पैसा कुठं जाणार तेही ठाऊक. अशा वस्तूपुढे क्रमांक टाकलेली क्लिप फिकी पडणारच.

म्हणून डिजिटल वस्तू सरसकट टाकाऊ, असंही नव्हे. 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 6776 डिजिटल चेंडू विकले गेले. प्रत्येक चेंडू कोर्टवरच्या 19 सेंटिमीटरच्या एकेका चौकोनाला बांधलेला. सामन्याचा विजयी फटका ज्या चौकोनात पडेल, त्या चेंडूवर तशी नोंद व्हायची. म्हणजे मालकाचा जीव सामन्यात अडकलेला, भावफलकात नव्हे. ही कल्पना आपल्याकडे उचलण्याजोगी आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये 2023 साली सोलापूर रॉयल्स हा संघ होता. तिकिटाबरोबर 'या सामन्याला हजर' असा डिजिटल दाखला देणं अशा संघांना अवघड नाही.

आणि कार्डच काढायचं, तर सोलापूरकरांनी पहिलं पॉली उम्रीगर यांचं काढावं. त्यांचं बालपण सोलापुरातच गेलं. जन्म 28 मार्च 1926 चा, म्हणजे शताब्दीचं निमित्तही आयतंच आहे. 59 कसोटी, 3631 धावा, 12 शतकं, 35 बळी. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. दिल्लीच्या निकालाचा रोख पाहता हे आकडे छापायला कुणाची परवानगी लागू नये. छायाचित्राचे हक्क कुणाचे हे तपासावं लागेल, नाहीतर चित्रकला महाविद्यालयातल्या एखाद्या मुलाकडून चित्र काढून घ्यावं. किंमत ठेवायच्या भानगडीत पडू नये. शाळाशाळांतून फुकट वाटावं, आणि मुलं एकमेकांत काय अदलाबदल करायची ती करतील.