कमानीची कसोटी

चंदीगडचे रस्ते सरळ आणि चौक आखीव. पण शहराच्या ईशान्येस शिवालिकच्या टेकड्या लागल्या की ही शिस्त संपते. तेथील माती ठिसूळ. ओढे पावसाळ्यात गढूळ होऊन धावतात आणि एरवी रेती-गोट्यांचे रुंद पात्र मागे ठेवतात. त्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. १९५८ साली जो अडवून शहराचे सुखना सरोवर झाले, तोही असाच एक चो. आडवाटांवर मोटार हाकणाऱ्या हौशी लोकांना अशी पात्रे म्हणजे दाराशी असलेली तालीमच होय.

१९८५ साली आलेली मारुती जिप्सी ही या मंडळींची लाडकी गाडी. तिच्या चारही चाकांना पोलादी पाट्यांच्या कमानी. त्या चिवट खऱ्या, परंतु बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करणाऱ्या. म्हणून मालक बाजारातून नव्या कमानी आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर आणून बसवितो व पहिल्याच फेरीनंतर ‘झकास!’ असा निर्वाळा देतो. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूस वाईट म्हणणे मनुष्यस्वभावास जड जाते.

वास्तविक या दोहोंची कामे निरनिराळी. कमान भार पेलते, धक्का पोटात घेते आणि लगेच परत करते. हा परतीचा जोर शॉक ॲब्सॉर्बर जिरवितो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि गतीची उष्णता होते. गोट्यांवरून दीर्घकाळ धावल्यास तेल तापून पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि प्रारंभी दमदार भासलेला भाग पुढे निष्प्रभ ठरतो. मग चाक जमीन सोडू लागते. आणि जे चाक जमिनीवर नाही, ते गाडीला वळवीतही नाही व थांबवीतही नाही. एका खड्ड्याची परीक्षा ही म्हणूनच परीक्षा नव्हे.

खरा परीक्षक आधी सपाट जागी चारही कोपऱ्यांची उंची मोजून लिहितो. टायरमधील हवा, इंधन आणि ओझे तेच ठेवतो. एका वेळी एकच भाग बदलतो. चाक पूर्ण खाली लोंबले असता ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहतो. त्याच वाटेवर, त्याच वेगाने, पुनःपुन्हा गाडी नेतो आणि शेवटी उंची पुन्हा मोजतो. कमान बसली असेल तर आकडा ते सांगतोच. कोणता भाग बसविला आहे हे चालकास न सांगता त्याचे मत घेतले, तर ते अधिक विश्वसनीय.

उंच केलेली गाडी खडक सहज ओलांडते. पण तिचा गुरुत्वमध्यही वर सरकतो, आणि कसौलीच्या वळणावर त्याची किंमत कळते. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निषिद्ध मानते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या बंधनावर भर दिला. त्यामागे साधा न्याय आहे. हौस मालकाची असते. परंतु शेजारी बसलेला प्रवासी आणि समोरून येणारा पादचारी यांना त्या गाडीखाली काय बदलले आहे, हे कोणी विचारलेले नसते.