पंगतीतील चौथी जिलबी
(वाशिम येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस लग्नखर्च या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. या विषयावर उपदेश पुष्कळ झाला. त्यात भर घालण्याचा आमचा मानस नाही. ज्याने शाळेत जन्मभर खडू झिजविला, त्याने उपदेश करण्यापेक्षा हिशेब मांडावा हे बरे. म्हणून अर्थशास्त्रातील एक साधा नियम आज आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम 'उपयोगिता' या शब्दाचा अर्थ पाहू. मनुष्याची गरज भागविण्याची जी शक्ती वस्तूच्या अंगी असते, तिला उपयोगिता म्हणतात. उपयुक्तता निराळी. तंबाखू प्रकृतीस अपायकारक खरी. परंतु ज्याला तिची तलफ आली आहे, त्याच्यापुरती तिच्या ठायी उपयोगिता आहेच. शिवाय उपयोगिता वस्तूत कायमची मुरलेली नसते. ती गरजेच्या तीव्रतेप्रमाणे कमीअधिक होते. मे महिन्यात एकबुर्जी धरणाचे पाणी आटू लागले आणि नळ काही दिवसांआड येऊ लागला, म्हणजे वाशिमच्या गृहिणीस हे कोणी शिकवावे लागत नाही. पहिली घागर पिण्यास, दुसरी स्वयंपाकास, तिसरी स्नानास, चौथी धुण्यास. आणि उरलीच तर पाचवी अंगणातील सड्यास. पाणी तेच आणि घागरही तेवढीच; परंतु पहिली सांडली तर घर हळहळते, पाचवी सांडली तर सडा झाला म्हणून सोडून देतात.

हा विचार सूत्रबद्ध रीतीने मांडणाऱ्यांत हेर्मान गोसेन या जर्मन गृहस्थाचे नाव अग्रभागी आहे. सरकारी नोकरी सोडून त्याने ग्रंथ लिहिला आणि १८५४ साली छापला. परंतु त्यास कोणी गिऱ्हाईक मिळेना. अखेर निराश होऊन त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या. पुढे १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला, आणि १८९० साली मार्शल यांच्या ग्रंथामुळे तो विद्यार्थ्यांच्या पाठ्यक्रमात स्थिर झाला.

आता आपल्या पंगतीकडे वळू. समजा, भुकेल्या पाहुण्यास पहिल्या जिलबीपासून वीस गुण समाधान मिळाले. दुसरीपासून बारा, तिसरीपासून पाच. चौथीचे समाधान शून्य. आणि यजमानाच्या आग्रहास्तव पाचवी घशाखाली उतरविली तर वजा चार. एकूण समाधान वीस, बत्तीस, सदतीस असे वाढत जाते, चौथ्या जिलबीस सदतिसावरच थांबते आणि पाचवीस तेहतिसावर उतरते. तथापि हलवाई पाचही जिलब्यांचे दाम सारखेच घेतो! यालाच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात. कोणी म्हणेल, पदार्थ बदलला म्हणजे गोडी पुन्हा वाढते. थोडी वाढते, हे कबूल. परंतु पदार्थ बदलला तरी पोट तेच राहते.

गोसेनने याच्याच जोडीला दुसरा नियम सांगितला. पैसा अनेक कामांत वाटावयाचा असेल, तर तो असा वाटावा की प्रत्येक कामावरील शेवटच्या रुपयापासून सारखेच समाधान मिळावे. एका कामावरील शेवटचा रुपया थोडे सुख देत असेल आणि दुसऱ्या कामावर तोच अधिक देणार असेल, तर तो पहिल्याकडून उचलून दुसऱ्याकडे ठेवावा. शहाणा प्रपंच याहून निराळा नाही.

हा नियम आम्ही मुलांना शिकविला. स्वतः मात्र पाळला नाही, हे येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. थोरल्या मुलीच्या लग्नात आम्ही चार गोड पदार्थ केले. चौथ्यासाठी पैसे उसने काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागे तोच पदार्थ सर्वांत अधिक पडलेला होता. त्याच जूनमध्ये ज्ञातीतील एक हुशार विद्यार्थी आमच्या दारी आला. त्यास पुढील शिक्षणासाठी अकोल्यास जावयाचे होते. पहिल्या महिन्याच्या खानावळीपुरते पैसे हवे होते. आमच्या हाती ते नव्हते. तो मुलगा पुढे शिकला नाही. चौथ्या पदार्थाची चव एकाही पाहुण्यास आठवत नसेल. आम्हांस मात्र तिची किंमत आजही आठवते.

येथे एक शास्त्रीय आक्षेप सांगितला पाहिजे. एकाच्या मनातील समाधान दुसऱ्याच्या मनातील समाधानाशी ताडून पाहण्यास शास्त्राजवळ माप नाही, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली प्रतिपादन केले. आक्षेप मार्मिक आहे. आमच्याजवळही तसा तराजू नाही. परंतु उकिरड्यावरचे अन्न आणि अर्धवट सुटलेली शाळा यांतील अंतर कळण्यास तराजूची गरज नाही. डोळे उघडे असले म्हणजे पुरे.

उरला प्रश्न 'लोक काय म्हणतील' याचा. बंधूंनो, प्रतिष्ठाही याच नियमाने चालते. पहिल्याने पाच पदार्थ केले तेव्हा गावात चर्चा झाली. दहाव्याने केले तेव्हा ती रूढी झाली. आता नाव काढण्यास सहावा हवा. या चढाओढीत श्रीमंताचा शेवटचा रुपया जातो, त्याची त्यास फारशी झळ लागत नाही. परंतु चार एकर कोरडवाहू सोयाबीनवर पोट असणारा आपला बांधव त्याच पंगतीच्या बरोबरीस येऊ पाहतो, तेव्हा त्याच्या घरचा पहिला रुपया जातो. म्हणजे पहिलीच घागर सांडते.

मालेगाव तालुक्यातील डव्हा येथे रथसप्तमीस नाथनंगे महाराजांच्या यात्रेत हजारो भाविक एकत्र बसून पुरी-भाजीचा महाप्रसाद घेतात. तेथे पदार्थांची रांग नसते. तरीही कोणी अतृप्त उठत नाही. कारण तेथे पुष्कळांच्या मुखी पहिला घास पडतो. अन्नाची सर्वाधिक उपयोगिता पहिल्या घासात असते, हे त्या पंगतीस ग्रंथावाचून कळले आहे.

म्हणून आमची सूचना एवढीच. लग्नात गोड पदार्थ जरूर करावा. आनंदास आमचा विरोध नाही. मात्र दोनांवर थांबावे, आणि तिसऱ्या-चौथ्याचा जो खर्च होणार होता तो त्याच दिवशी, त्याच मांडवात, ज्ञातीच्या विद्यार्थी-साहाय्यासाठी द्यावा. सधन घरांनी आरंभ करावा. म्हणजे गरिबास तोच पायंडा पाळताना कमीपणा वाटणार नाही. आमच्या धाकट्या मुलाचे लग्न येत्या वैशाखात योजिले आहे. त्या पंगतीत दोनच गोड पदार्थ असतील. आपण सर्वांनी यावे, पोटभर जेवावे आणि पदार्थ मोजावेत, ही आग्रहाची विनंती.