नकाराचे खोटे चित्र
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



अश्लील चित्रपट पाहून पुरुष बलात्कारी बनतो काय, असा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. तो स्वाभाविक आहे, कारण हे चित्रपट आता मुलांच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचले आहेत. अमेरिकेत या प्रश्नाचा विचार दोन सरकारी आयोगांनी केला. १९७० सालच्या आयोगास अशा साहित्यामुळे गुन्हे घडतात याचा पुरावा आढळला नाही. १९८६ सालच्या आयोगाने मात्र हिंसक अश्लीलतेचा लैंगिक अत्याचाराशी कार्यकारणसंबंध आहे, असे मत दिले. विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. माझ्या मते अंगावरील वस्त्रे मोजण्यात अर्थ नाही. स्त्रीच्या नकाराचे काय होताना दाखविले आहे, हे पाहावे.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात मॅलमथ व चेक या संशोधकांनी केलेला प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांस त्यांनी चित्रपटगृहात असे चित्रपट पाहावयास लावले की, ज्यांत स्त्रीवर बळजबरी होते आणि अखेर ती तिला मानवते. इतरांनी निराळे चित्रपट पाहिले. काही दिवसांनी, चित्रपटांचा उल्लेखही न करता, सर्वांची मते विचारण्यात आली. पहिल्या गटातील तरुणांत स्त्रीवरील हिंसेस अधिक मान्यता आढळली. तरुणींत तसे घडले नाही. आणि हे चित्रपट अश्लील म्हणून गणलेले नव्हते, सर्वसाधारण चित्रपटगृहांत चालणारेच होते!

हीच समजूत आपल्याकडील न्यायालयातही दिसली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा खटला दोन पोलिसांवर झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांस निर्दोष सोडले. न्यायाधीशांनी कसले चित्रपट पाहिले होते, असे मी सुचवीत नाही. पण भीतीने गप्प राहिलेली स्त्री राजी होती, ही कल्पना तीच नव्हे काय? चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संभोग झाल्याचे सिद्ध झाले व तिने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे, असे ठरले.

स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिला अशी चित्रे दाखविणे हाही २०१३ सालापासून गुन्हा आहे. हे मुलींस सांगा. आणि मुलगा काय पाहतो हे कळल्यावर मुलीचा मोबाईल काढून घेणारे, तिची शाळा बंद करणारे बाप आपल्यात आहेत, त्यांस विचारतो : पाहिले कोणी, आणि शिक्षा कोणास? आज रात्री मुलाजवळ बसा. लाज वाटेल, तरी बोला.