अॅडलेड ते उलुरू : तंबूतले अकरा दिवस

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



"परदेश प्रवासातलं काहीतरी सांगा," असा सेक्रेटरींचा आग्रह झाला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस बोलायला उभा राहिला की आकडे सांगणार, हे तुम्ही गृहीत धरलंच असेल. तेव्हा आधी तेच उरकून घेतो. अॅडलेडहून उलुरू सुमारे १६०० किलोमीटर. म्हणजे इथून निघून चंदीगड गाठण्याइतकं अंतर. यातले पहिले ३०० किलोमीटर पोर्ट ऑगस्टापर्यंत. त्यानंतर दोन हजार वस्तीचं एकही गाव वाटेत लागत नाही.

चिरंजीव अॅडलेडला असतात. २०२३ च्या जुलैमध्ये शाळेला सुट्टी लागली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, या खेपेला शहरं नकोत, तुम्हाला ऑस्ट्रेलिया दाखवतो." आम्ही सहाजण होतो. तो, सूनबाई, अकरा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू, सौ. आणि मी. गाडीच्या टपावर दोन तंबू, मागे पाण्याचे दोन मोठे कॅन आणि 'स्वॅग' नावाची चीज. जाड कॅनव्हासची, गादीसकट गुंडाळायची वळकटी ती. आपला जुना रेल्वेतला होल्डॉलच म्हणा ना. तो बघितल्यावर सौ.ला जरा धीर आला. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. दिवसा ऊन छान, पण रात्री पारा दोन-तीन अंशांवर. वाळवंट म्हटल्यावर आपल्याला उकाडाच आठवतो, त्यामुळे हे सांगून ठेवलेलं बरं.

माझ्याकडे हिशेबाचं काम आलं. रोज सकाळी डायरीत तीन रकाने : किलोमीटर, पेट्रोल, पाणी. माणशी पाच लिटर पाणी धरलं होतं आणि टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायचीच, असा नियम. हा नियम हौसेचा नाही. ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पेडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पंप नाही, टपरी नाही, फोनला रेंज नाही.

रस्त्याचं नाव स्टुअर्ट हायवे. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट या माणसाने १८६१-६२ मध्ये घोड्यांवरून दक्षिणेकडून उत्तर किनारा गाठला. परत येताना स्कर्व्हीने इतका खचला की दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं. त्याच्याच मार्गाने पुढे १८७२ साली तारेची लाईन झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या तारा जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई करत लंडनला जाऊ लागल्या. एवढा जुना मार्ग, पण पूर्ण डांबरी झाला तो १९८७ मध्ये.

आपला संबंध इतकाच नाही. १८६६ साली शंभरावर उंट आगबोटीने पोर्ट ऑगस्टाला उतरले, ते कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! उंटांबरोबर उंटवाले आले. बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, पण तिकडे सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हणत. तारेचे खांब, धान्य, लोकर, सगळं या लोकांनी ओढलं. अॅडलेडहून निघणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेगाडीचं 'घान' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. यातल्या कित्येकांना त्या देशाचं नागरिकत्व मात्र मिळालं नाही. पुढे लॉऱ्या आल्या आणि उंट मोकाट सोडले गेले. आज त्यांचे रानटी कळप हिंडतात. नातवाला रस्त्यात एकही दिसला नाही, त्याचा राग त्याने परत येईपर्यंत माझ्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी ग्लेनडॅम्बोच्या पुढे काय झालं ते सांगतो. दुपारचे साडेतीन, कूबर पेडी अजून नव्वद किलोमीटर, आणि मागचं डावं टायर फुटलं. स्टेपनी होती, जॅक होता, चिरंजीवांना काम येत होतं. पण रस्त्याकडेची लाल माती इतकी भुसभुशीत की जॅक वर जाण्याऐवजी खाली रुतायचा. शेजारून एक रोड ट्रेन गेली. म्हणजे एका ट्रकला तीन-चार ट्रेलर, लांबी पन्नास मीटरच्या वर. ती गेली की आपली गाडी हलते. तिला थांबवायचं म्हटलं तरी ती थांबणार कुठे? तास गेला. सहाच्या आत अंधार पडतो आणि अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. रात्री तिथे शहाणा माणूस गाडी चालवत नाही. सूनबाई मुलांना गोष्टी सांगत होती, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सौ.ने काही न बोलता पाण्याचे कॅन उन्हातून सावलीत ओढले. चाळीस वर्षांच्या संसारात मला कळलंय की ती बोलत नाही तेव्हा घाबरलेली असते.

मग एक कॅरॅव्हॅन थांबली. व्हिक्टोरियातलं जोडपं, दोघंही आमच्याच वयाचे. तो निवृत्त प्लंबर. तिकडे अशांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात, पिकल्या केसांचे भटके. घर विकून तीन वर्षं हिंडत होते. त्याने काहीही विचारलं नाही. कॅरॅव्हॅनखालून एक जाड फळी काढली, जॅकखाली सरकवली आणि वीस मिनिटांत चाक बदलून झालं. बाईंनी तोवर चहा केला. मग तो म्हणाला, "आता पुढे जाऊ नका. चार किलोमीटरवर गाड्या थांबवायची जागा आहे, आम्ही तिथेच मुक्काम करतोय." एकटं सोडायचं नव्हतं म्हणून तो तसं म्हणाला हे उघड होतं, कारण त्याच्या गाडीचं तोंड कूबर पेडीकडेच होतं.

त्या जागेत काय होतं? दोन बाकं, एक पाण्याची टाकी आणि क्षितिजापर्यंत काहीही नाही. तंबू ठोकले. सौ.ने घरून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी त्यांना दिली. गृहस्थ चटणी खाऊन लालबुंद झाले, तरी दुसरी दशमी मागून घेतली.

जेवणानंतर त्याने मुलांना आकाश दाखवलं. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो तो चौकडीचा तारकासमूह डोक्यावर होता. मुलं तारे मोजायला लागली, तर तो म्हणाला, "ताऱ्यांकडे नको, ताऱ्यांमधल्या काळोखाकडे बघा." तिथल्या आदिवासींना आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमध्ये एमू पक्षी दिसतो. त्रिशंकूजवळ काळा डाग आहे ते त्याचं डोकं, मग लांब मान, मग अंग. मला पाच मिनिटं काही दिसलं नाही. दिसला तेव्हा असा दिसला की पुढे सगळ्या रात्री दुसरं काही दिसेचना.

पहाटे चारला, आपल्या वयाची गरज म्हणून, मी बाहेर आलो. आग्नेयेला एकच ठळक तारा. अगस्त्य. इथून तो क्षितिजालगत दिसतो, तिथे पहाटे नीट वर आला होता. नातही उठून माझ्यामागे आली. तिला गोष्ट सांगितली : विंध्य पर्वत वाढत चालला होता, अगस्त्य ऋषी त्याला म्हणाले, मी दक्षिणेहून परत येईपर्यंत वाकून राहा, आणि ते परत आलेच नाहीत. तिने विचारलं, "मग तो अजून वाकलेलाच आहे? कोणी त्याला सांगितलं नाही?"

याला पार्श्वभूमी अशी की निघायच्या आदल्या आठवड्यात चिरंजीवांनी विषय काढला होता. तुम्ही दोघं आता इकडेच या, पेरेंट व्हिसाचा अर्ज करू. आम्ही दोघांनीही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. त्या पहाटेही दिलं नाही. आपल्या इमारतीत निदान दहा घरांत हा विषय निघतो, हे मला माहीत आहे, म्हणून बोललो.

कूबर पेडी थोडक्यात सांगतो. १९१५ साली चौदा वर्षांच्या एका मुलाला तिथे ओपल सापडलं. वडील सोनं शोधत होते, पोरगा पाणी शोधायला गेला होता. उन्हाळा इतका कडक की लोक टेकड्या कोरून आत राहतात. घरं, चर्च, दुकानं जमिनीखाली. आम्ही तंबूही जमिनीखालीच ठोकला! वारा नाही, थंडी नाही, सौ.ची त्या अकरा दिवसांतली सर्वात गाढ झोप तीच. गावाचं नाव स्थानिक भाषेतल्या 'कुपा पिटी'वरून आलं. त्याचा अर्थ सहसा 'गोऱ्या माणसाचं बीळ' असा सांगतात. गावाबाहेर पाट्या आहेत : खोल खड्डे आहेत, पळू नका, उलटं चालू नका.

आता उलुरू. उंची जमिनीपासून ३४८ मीटर, घेर नऊ किलोमीटरच्या वर, सगळा एकच खडक. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे रंगाचं वर्णन करत नाही. सोसायटीच्या सभासदांना रस वाटेल ती गोष्ट वेगळी आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरलने या जमिनीचा मालकी हक्क तिथल्या अनंगू लोकांना परत दिला. आणि त्यांनी त्याच समारंभात ती जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. वर्षाचं भाडं आणि प्रवेशशुल्कात हिस्सा. व्यवस्थापन मंडळात बहुमत अनंगूंचं. कन्व्हेयन्ससाठी आपण किती वर्षं चकरा मारल्या, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते लोक तर त्या जमिनीवर हजारो वर्षं राहत होते.

खडकावर चढायला २०१९ पासून बंदी आहे, २६ ऑक्टोबरचीच तारीख धरून. अनंगूंच्या दृष्टीने ती पवित्र जागा. शिवाय चढताना तीसपेक्षा जास्त माणसं दगावली होती. जुन्या साखळीच्या खुणा खडकावर अजून दिसतात. नातू हट्टाला पेटला, "एवढ्या लांब आलो आणि वर जायचं नाही?" चिरंजीव ट्रेकिंगवाले, त्यांनाही मनातून तसंच वाटत असणार. सौ.चं माहेर नाशिककडचं. ती म्हणाली, "सप्तशृंगीला आपण जातो ना? शिखरावर जातो का? तिथे फक्त दरेगावच्या गवळ्यांचा मानकरी निशाण लावायला जातो. आपण खालूनच नमस्कार करतो." नातवाला सगळं कळलं असेल असं नाही, पण तो गप्प बसला, आणि चिरंजीवांनी कॅमेरा खाली केला. काही ठिकाणी फोटो काढायलाही मनाई आहे.

तिथल्या सांस्कृतिक केंद्राची एक गोष्ट मला फार लागली. लोक आठवण म्हणून खडकाचे तुकडे, माती घेऊन जातात, आणि मग कित्येक वर्षांनी जगभरातून ते टपालाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. बँकेतही कधीमधी असं पाकीट यायचं, जादा मिळालेले पैसे परत करणारं, नाव नसलेलं. ते कोणत्या खात्यात जमा करायचं हा आमचा प्रश्न असायचा. उलुरूच्या दगडांचंही तसंच. कुठला तुकडा नेमका कुठून उचलला, हे कोण सांगणार?

परतीचा प्रवास तोच रस्ता, त्यामुळे त्यात नवीन काही नाही. एवढंच की कॅनशेजारी आमच्याही गाडीत एक जाड फळी होती. कूबर पेडीला हार्डवेअरच्या दुकानात घेतली.

तुमच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण डाळ-तांदूळ शहरातूनच घ्यावेत, हायवेवर सगळं महाग. संडास-बाथरूम पैसे भरून राहायच्या मैदानांत स्वच्छ असतात, बाकी ठिकाणी देवाचं नाव. जायचं तर मे ते ऑगस्ट. नंतर माश्या, तोंडाला जाळी लावून हिंडावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तंबूत घडीची खाट न्या, जमिनीवरून उठणं हा मोठाच कार्यक्रम होतो. आणि व्हिसाच्या अर्जाचं काय झालं, हे चहाच्या वेळी सौ.ला विचारा. मी विचारलं तर ती म्हणते, बघू. नकाशा आणि डायरी माझ्याकडे आहे, बी विंग, तिसरा मजला. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.