सूत्र खुले, कौशल्य कुलपात

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दिल्लीत मेहरौली येथे एक लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सात मीटरहून अधिक व वजन सहा टनांहून अधिक आहे. सुमारे सोळाशे वर्षे ऊन, पाऊस आणि धुळीला तोंड देऊनही गंजाने त्याला खाल्लेले नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून याचे कारण स्पष्ट केले. या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोह व फॉस्फेट यांच्या संयुगाचा अत्यंत पातळ असा संरक्षक थर तयार झाला आहे. ज्या भारतीय कारागिरांनी हा स्तंभ घडवला, त्यांच्याविषयी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अभिमानासोबत एक खंतही मनात असली पाहिजे. ते हात गेले आणि त्या हातांतील विद्याही त्यांच्याबरोबर गेली.

लोखंड आणि फॉस्फेट यांचीच जोडी एकविसाव्या शतकात पुन्हा जगाच्या चर्चेत आली आहे. विजेवर चालणाऱ्या बस, रिक्षा आणि मोटारी, तसेच सौर ऊर्जा साठवणारे प्रचंड बॅटरीसंच यांच्या पोटात लिथियम-लोह-फॉस्फेट नावाची एक काळी भुकटी असते. या भुकटीचा इतिहास हा पेटंटचा इतिहास आहे. विज्ञान, व्यापार आणि राष्ट्रशक्ती यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने जाणून घेतला पाहिजे.

पेटंट : एक करार

पेटंट म्हणजे गुपित, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पेटंट, म्हणजेच एकस्व, हा संशोधक आणि शासन यांच्यातील करार आहे. संशोधकाने आपली कृती सांगोपांग लिहून जगासमोर ठेवायची आणि त्या बदल्यात ठरावीक काळ, सर्वसाधारणपणे वीस वर्षे, ती वापरण्याचा अनन्य अधिकार मिळवायचा. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे होते.

रासायनिक मिश्रणांच्या पेटंटमध्ये हा करार विशेष स्पष्ट दिसतो. घराच्या छपरावरील सौर पटलावर ज्या बारीक चंदेरी रेषा दिसतात, त्या एका वीजवाहक लेपाने छापलेल्या असतात. चांदीची भुकटी, काचेची पूड आणि त्यांना एकत्र धरणारे सेंद्रिय माध्यम यांचा तो लेप असतो. अशा लेपाच्या पेटंटमध्ये कोणता घटक किमान किती आणि कमाल किती टक्के, कणांचा आकार केवढा, भट्टीचे तापमान किती, हे सर्व आकड्यांत नोंदवलेले असते. या विषयात भारतात काम होत नाही असे मुळीच नाही. पुण्यातील ‘सी-मेट’ या संस्थेत अशा वाहक लेपांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. मात्र एवढे सगळे लिहिलेले असूनही प्रत्येकाला ते साधत नाही, ही या विषयातली मर्माची गोष्ट आहे. पुरणपोळीचे प्रमाण वहीत उतरवून घेता येते, आजीच्या हाताचा अंदाज उतरवता येत नाही.

आचार्य बसूंचा स्फटिक

या विषयातील एक मानाचे पान भारतीयाच्या नावावर आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी काम करणारे आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी विद्युतलहरी ओळखण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. हा स्फटिक धड वाहक नाही आणि धड रोधकही नाही. आज अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात आणि संगणक, भ्रमणध्वनी, उपग्रह यांची सारी इमारत त्यांच्यावरच उभी आहे. बसूंच्या या शोधकाला अमेरिकेत २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ७,५५,८४०. अर्धवाहक उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. पुढे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेले वॉल्टर ब्रॅटन यांनीही स्फटिकाचा असा उपयोग प्रथम करण्याचे श्रेय बसूंना दिले.

हे पेटंट घेतले गेले, त्यामागची कथा अधिक बोधप्रद आहे. मे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानाच्या सुमारास एका तार कंपनीचा मालक बसूंकडे आला, पेटंट घेण्याचा आग्रह करू लागला आणि नफ्यात वाटा मागू लागला. बसूंनी त्याला नकार दिला आणि ती हकीकत रवींद्रनाथ ठाकूरांना पत्राने कळवली. विद्या विकायची नसते, हा संस्कार त्यांच्या रक्तात होता. तरीही पेटंटचा अर्ज झाला, तो भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहामुळे. दोघीही स्वामी विवेकानंदांच्या शिष्या होत्या. पेटंटचा अर्धा हिस्सा सारा बुल यांच्या नावे नोंदवलेला आहे. स्वतःसाठी कशाचाही संग्रह न करणाऱ्या निवेदितांनी हा आग्रह धरावा, ही गोष्ट चिंतनीय आहे. पराधीन देशाच्या वैज्ञानिकाचे कर्तृत्व जगाच्या दप्तरी नोंदले गेलेच पाहिजे, हे त्या ओळखून होत्या.

बसूंनी मात्र त्या पेटंटचा व्यापारी लाभ कधीच घेतला नाही आणि यथावकाश ते मुदतबाह्य झाले. १९०६ मध्ये अमेरिकेत पिकार्ड यांनी सिलिकॉनच्या व डनवुडी यांनी कार्बोरंडमच्या शोधकाची पेटंटे घेतली. स्फटिकावर चालणारे रेडिओ संच घरोघर गेले, पण तो उद्योग भारतात उभा राहिला नाही. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी बसू विज्ञान मंदिराचे उद्घाटन करताना आचार्यांनी तेथील संशोधनावर कधीही पेटंट घेतले जाणार नाही, असे जाहीर केले. त्या संकल्पाच्या उदात्ततेपुढे नतमस्तकच व्हावे. पण इतिहासाचा दुसरा धडाही तितक्याच विनम्रतेने शिकला पाहिजे. ज्या समाजाकडे कारखाना नाही, त्याचे विद्यादान दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन पडते.

ऑस्टिनची भुकटी, माँट्रियलचा लेप

आता पुन्हा त्या काळ्या भुकटीकडे वळू. अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रा. जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात लिथियम-लोह-फॉस्फेटचा बॅटरीतील उपयोग सिद्ध झाला. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटवर चार संशोधकांची नावे आहेत. त्यांपैकी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन नावे भारतीय आहेत. ज्या पदार्थवर्गात ही भुकटी मोडते, त्यावर गुडइनफ यांच्यासोबत आधी काम करणारे अरुमुगम मंथिरम हेही मूळचे तामिळनाडूचे. २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी गुडइनफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने व्याख्यान देण्याचा मान मंथिरम यांना लाभला. भारतीय बुद्धी कुठेही कमी पडलेली नाही, हे यावरून दिसते. कमी पडली ती तिला मिळणारी स्वभूमी.

या भुकटीचे गुण अनेक. कोबाल्टसारखा महाग व दुर्मीळ धातू तिला लागत नाही. तिच्यातील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे बॅटरी तापून पेट घेण्याचा धोका कमी असतो. दोष मात्र एकच आणि तो मोठा, तो म्हणजे ती विजेची फारच वाईट वाहक आहे. ज्या पदार्थातून वीज नीट वाहत नाही, त्याची बॅटरी कशी करायची?

उत्तर सापडले कॅनडात. माँट्रियल येथे मिशेल आर्मां, नताली राव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुकटीच्या प्रत्येक कणाला कार्बनचा पातळ लेप दिला. गॅसवर विसरलेल्या साखरेच्या पाकाचा कढईत काळा थर धरतो, हा अनुभव गृहिणींना नवा नाही. तत्त्व जवळपास तेच आहे. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ भुकटीत मिसळून हवेचा संपर्क टाळत भट्टीत तापवला, की कणांवर कार्बन उरतो आणि इलेक्ट्रॉनांना वाट मिळते. वजनाने अवघ्या एक-दोन टक्के कार्बनाने निरुपयोगी भुकटी उपयुक्त झाली. या लेपाचीही पेटंटे घेतली गेली आणि पाश्चात्त्य देशांत त्यांवरून वर्षानुवर्षे दावे-प्रतिदावे चालले.

ज्याने घडवले, त्याचे झाले

त्याच काळात चीनमध्ये वेगळे घडत होते. तेथील बॅटरी उद्योगाच्या संघटनेने कार्बनलेपाच्या पेटंटलाच आव्हान दिले आणि २०११ मध्ये ते चीनपुरते रद्दबातल ठरले. देशांतर्गत बाजार खुला झाला. कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. चुका झाल्या, माल वाया गेला, पण भट्ट्या विझल्या नाहीत. अमेरिकेत याच रसायनावर उभी राहिलेली ‘ए१२३ सिस्टिम्स’ ही कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी तिचा मुख्य व्यवसाय एका चिनी उद्योगसमूहाने विकत घेतला. २०२२ च्या सुमारास मूळ पेटंटांच्या मुदती संपल्या, तोवर या भुकटीचे जगातील जवळजवळ सर्व उत्पादन चीनच्या हाती गेले होते.

आता यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. जुलै २०२५ मध्ये चीनने ही भुकटी तयार करण्याचे तंत्रज्ञान देशाबाहेर देण्यावर शासकीय परवान्याचे बंधन घातले. सूत्र जगजाहीर आहे, पेटंटे संपली आहेत, कागद कुणालाही वाचता येतात. तरीही कुलूप लागलेच! कारण कुलूप सूत्राला लावलेले नाही. भट्टीचा वेग, कणांचा आकार, ओलावा किती चालेल, शंभरावी खेप पहिलीसारखीच कशी निघेल, ही जी कारखान्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षे साचलेली विद्या आहे, तिला हे कुलूप लावलेले आहे.

अशा प्रसंगी चीनला दूषणे देऊन समाधान मानणे सोपे आहे. त्याच्या विस्तारवादाविषयी सावध राहणे तर आवश्यकच आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या उद्योगशीलतेचे प्रामाणिक मूल्यमापन न करणारे राष्ट्र स्वतःचीच फसवणूक करते.

भारताचे कर्तव्य

भारताजवळ काय नाही? १९७० च्या पेटंट कायद्याने स्वस्त औषधांचा उद्योग या देशात उभा केला, हे सर्वमान्य आहे. केवळ आयातीची मक्तेदारी उपभोगण्यासाठी पेटंट दिले जात नाही, ते भारतात प्रत्यक्ष राबवले गेले पाहिजे, हे तत्त्व या कायद्याच्या ८३ व्या कलमात आजही नमूद आहे. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्ध डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सी.एस.आय.आर.ने लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. डंकेल प्रस्तावाच्या काळात दत्तोपंत ठेंगडी यांनी गावोगाव जाऊन दिलेला इशारा आजही अनेक कार्यकर्त्यांच्या कानांत असेल. आधुनिकीकरण हवे, पण ते म्हणजे पाश्चात्त्यीकरण नव्हे, ही त्यांची मांडणी होती. २०२३-२४ या एका वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर केली आणि त्या वर्षीच्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक अर्ज देशातील अर्जदारांचे होते. हैदराबादच्या ‘एआरसीआय’ या संस्थेने लोह-फॉस्फेटवर कार्बनलेप देण्याची स्वतःची पद्धत विकसित केली आहे. प्रगत बॅटरी सेलच्या उत्पादनासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.

ही सर्व चिन्हे शुभ आहेत. तरीही लिथियम-आयन सेलसाठी देशाची भिस्त अद्याप मोठ्या प्रमाणावर आयातीवर आहे. मंजूर पेटंटांची संख्या वाढणे आणि त्या पेटंटांतून भट्ट्या पेटणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. चौकटीत लावलेले पेटंटचे प्रमाणपत्र हे राष्ट्राचे सामर्थ्य नव्हे.

हे अंतर केवळ शासन भरून काढू शकणार नाही. प्रयोगशाळेतील ग्रॅमभर पदार्थ कारखान्यात टनांनी उतरवताना पहिली काही वर्षे तोटा होतो. तो सोसणारा उद्योजक हवा. परदेशी मालापेक्षा प्रारंभी थोडा उणा वाटला तरी स्वदेशी माल घेऊन त्यातील दोष उत्पादकाला नेमकेपणाने सांगणारा ग्राहक हवा. मुलगा रसायन अभियंता होऊन भट्टीपाशी उभा राहतो म्हटल्यावर नाक न मुरडणारे मध्यमवर्गीय घर हवे. स्वदेशी ही केवळ खरेदीच्या वेळी आठवण्याची प्रतिज्ञा नाही, तर ती घडवण्याची, बिघडले तर पुन्हा घडवण्याची साधना आहे.

कोलकात्याच्या बसू विज्ञान मंदिरावर वज्राचे चिन्ह आहे. भगिनी निवेदितांना ते चिन्ह विशेष प्रिय होते, कारण त्यामागे दधीची ऋषींच्या आत्मत्यागाची कथा आहे. देवांच्या रक्षणासाठी दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या, हे प्रत्येक भारतीय बालकाला ठाऊक असते. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. अस्थी मिळाल्या म्हणून वृत्रासुर मेला नाही. त्या अस्थींचे वज्र विश्वकर्म्याला घडवावे लागले. आचार्य बसूंच्या रूपाने या देशाला दधीची लाभले होते. आज उणीव आहे ती विश्वकर्म्यांची आणि ते घराघरांतूनच यावे लागतील.