अभ्यासाची रोजकीर्द

(बऱ्हाणपूर येथे मराठीच्या विद्यार्थी-शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपले बऱ्हाणपूर हे व्यापाराचे आणि यंत्रमागांचे गाव. इथे पेढीवर बसणाऱ्याला कीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगावा लागत नाही. दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडला तसा, घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरतो. मग तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जातो. कीर्दीवरून दिवस कळतो, खतावणीवरून धंदा कळतो. अभ्यास करणाऱ्यानेही हीच रीत धरावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

यासाठी एक उदाहरण देतो. विनोबा भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतला उतरून काशीला गेले. आपली प्रमाणपत्रे त्यांनी आधीच जाळून टाकली होती. परीक्षेकडे पाठ फिरवलेला हा तरुण पुढच्या वर्षी गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला आला आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकू लागला. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्याने गांधीजींना पत्र लिहून वर्षाचा हिशोब दिला. उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन यांचे अध्ययन झाले. गीता ६ विद्यार्थ्यांना शिकवली, ज्ञानेश्वरीचे ६ अध्याय चौघांना, ९ उपनिषदे दोघांना. पायी प्रवास सुमारे ४०० मैल. हिंदी आपल्याला नीट येत नाही, तरी विद्यार्थ्यांबरोबर हिंदी वर्तमानपत्रे वाचतो, हेही त्यात आहे.

‘मी पुष्कळ अभ्यास केला’ असे मोघम सांगून हे पत्र थांबत नाही. काय केले, कोणाबरोबर केले, किती केले आणि काय येत नाही, ते त्यात आहे. प्रमाणपत्रे जाळणाऱ्याने हिशोब मात्र टाळला नाही. आणि तो अशा माणसाला दिला, ज्याच्या हाती गुण देणे नव्हते.

हा शेवटचा मुद्दा मला फार उशिरा उमगला. काही वर्षांपूर्वी मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अभ्यासाची नोंदवही ठेवायला सांगितली आणि तिला अंतर्गत मूल्यमापनाचे ५ गुण ठेवले. सत्राच्या शेवटी वह्या आल्या. रोज २ तास, रविवारी ३ तास. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शाई. साऱ्या वह्या एका रात्रीत लिहिलेल्या होत्या. दोष मुलांचा नव्हता. मी कीर्दीला बक्षीस लावले होते, त्यांनी मला हवी तशी कीर्द लिहून दिली.

पुढच्या वर्षी गुण काढून टाकले. वही ठेवा, मला दाखवली नाही तरी चालेल, असे सांगितले. बहुतेकांनी ठेवलीच नाही. एका मुलीने ठेवली, आणि ती वही तिने आपणहून माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्याच मुलीला मी आदल्या आठवड्यात वर्गात सर्वांसमोर आळशी म्हटले होते. लीळाचरित्राची आठवड्याला नेमलेली २० पाने तिने एकदाही पूर्ण केली नव्हती. वहीत नोंद होती : ‘४ पाने. ५० मिनिटे. ११ शब्द अडले. आजीला विचारले, तिला ३ माहीत.’

मी तिथेच हिशोब केला. या गतीने २० पानांना चार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि ही मुलगी दुपारभर भावाच्या दुकानात बसणारी. घरी मराठी, शाळा सगळी हिंदी, अशी आपल्याकडची कितीतरी मुले आहेत. मराठी त्यांच्या कानांत असते, डोळ्यांना तिची सवय नसते. वीस वर्षे शिकवून जे मला दिसले नव्हते, ते त्या एका ओळीने दाखवले. मी तिची क्षमा मागितली. पाने कमी केली, आणि दर आठवड्याला एक तास फक्त अडलेल्या शब्दांसाठी ठेवला. दोन महिन्यांनी तिच्या वहीत तेवढ्याच पानांपुढे ३५ मिनिटे लिहिलेली होती.

आता रीत सांगतो. अभ्यासाची बैठक संपली की लगेच चार गोष्टी लिहाव्यात : बसलो केव्हा आणि उठलो केव्हा, काय वाचले, कुठे अडलो, मध्येच का उठावे लागले. दोन ओळी पुरेत. रात्री आठवून लिहू नये. आठवणीत तास वाढतात. ज्या दिवशी काही झाले नाही, त्या दिवशी तारीख घालून ‘काही नाही’ असे लिहावे. ती नोंद सर्वांत मोलाची, कारण तिथूनच वही खरी होते.

ही झाली कीर्द. आठवड्याने खतावणी करावी. कोणत्या वेळची बैठक टिकते? कोणता विषय आपण टाळतो? एकच भाग कितीदा अडतो? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच असे प्रयोग करून, प्रत्येक पाठांतर मोजून, १८८५ साली स्मरणशक्तीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला दिसले की निरर्थक अक्षरांची माळ एका दिवशी ६८ वेळा घोकून जे साधते, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. या वह्या तपासू नका, त्यांवर सही करू नका. विद्यार्थ्याने आपणहून पुढे केली तर वाचा, आणि वाचताना त्याच्या चुकांबरोबर आपल्याही शोधा. माझी एक चूक मला अशीच सापडली. तेव्हापासून मीही वही ठेवतो. कालच्या तारखेपुढे, मित्रहो, ‘काही नाही’ असेच लिहिलेले आहे.