खापर कुठे सापडलं?



समोरच्या रांगांत आज दहावी-बारावीची आणि कॉलेजातली मुलंमुली बरीच दिसताहेत. वडीलधाऱ्यांची परवानगी गृहीत धरून मी त्यांच्याशीच बोलतो.

पुरातत्त्व शिकायचंय म्हणून जी मुलं भेटायला येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आम्हाला उत्खननाला कधी नेणार? सोबत आलेल्या पालकांचा प्रश्नही ठरलेला असतो, तो नोकरीचा. त्याच्याकडे येईनच. पण मुलांनो, खणणं हे या विद्येतलं शेवटचं काम आहे. खणलेली जागा पुन्हा कधीही खणता येत नाही. थर एकदा काढला की तो फक्त तुमच्या वहीत उरतो. म्हणून त्याआधी एक सवय अंगी बाणवावी लागते. वस्तू दिसली की हात पुढे करण्याआधी ती कुठे आहे, कशात रुतली आहे, तिच्या वर-खाली काय आहे, हे पाहायचं आणि लिहून ठेवायचं.

याचं महत्त्व किती, हे दायमाबादने आपल्याला शिकवलं आहे. श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं हे गाव. 1974 साली तिथे झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. ज्याने तो रथ डोळ्यांनी पाहिलाय, त्याला त्या कारागिरापुढे हात जोडावेसे वाटतात. त्याच गावात नंतर रीतसर उत्खनन झालं आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. मग हा रथ यांतल्या कोणाचा? काही विद्वान तो हडप्पा संस्कृतीचा मानतात, काहींनी धातूच्या पृथक्करणावरून तो बराच नंतरचा असावा अशी शंका घेतली. वाद अजून मिटलेला नाही, कारण वस्तू जमिनीतून निघाल्या तेव्हा त्या कुठल्या थरात होत्या हे टिपायला तिथे कोणी नव्हतं. ज्याला त्या सापडल्या त्याचा यात काडीचा दोष नाही. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत मोलाच्या प्राचीन वस्तूंचं वय आपण आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आता याच्या उलट इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या तुकड्या. दायमाबादच्या रथासारखं डोळे दिपवणारं काही त्यांच्या हाती लागलं नाही. मिळाल्या त्या जमिनी, चुली, बळदं, खापरं, जळके दाणे, हाडं. पण प्रत्येक गोष्ट कुठल्या थरातली, कुठल्या घरातली, हे टिपलेलं होतं. म्हणून आपल्याला कळतं की इसवी सनापूर्वी 1400 ते 1000 या काळात तिथे चौकोनी, प्रशस्त घरं होती, पाटाच्या पाण्यावर सातूचं पीक निघत होतं. आणि त्यानंतरच्या तीनशे वर्षांत लोक लहान गोल झोपड्यांत राहायला लागले, शेती मागे पडली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत तान्हं मूल पुरलेलं. पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. आई-बापांनी आपलं मूल उंबऱ्याच्या आत ठेवून घेतलं, हे तीन हजार वर्षांनंतर आपल्यापर्यंत पोचलं ते नोंदीमुळे.

गोल झोपडी ओळखायची कशी? लाकूड तर केव्हाच कुजून गेलेलं असतं. खुरपीने जमीन हलकेच खरवडून साफ करतात, झाडतात, वरून पाण्याचा फवारा मारतात. ओल धरली की मातीत मुठीएवढे गडद ठिपके उमटतात. खुंट कुजल्यावर त्या भोकात वेगळी, भुसभुशीत माती भरलेली असते, म्हणून रंग वेगळा. ठिपक्याला ठिपका जुळवत गेलं की गोल पूर्ण होतो. ऊन चढलं की माती वाळते आणि ठिपके नाहीसे होतात, म्हणून हे काम भल्या पहाटे उठून करायचं.

दुपारचं काम खापरांचं. नवा विद्यार्थी कंटाळतो तो इथेच, आणि मन रमलं तर घडतोही इथेच. पाट्यांतून आलेली खापरं धुवायची, सावलीत वाळवायची, एकेकावर बारीक अक्षरात स्थळाचं नाव, खड्डा आणि थर लिहायचा. मग काठाचा तुकडा घ्यायचा. एकाच मध्याभोवती वर्तुळं काढलेल्या कागदावर तो उभा धरून सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी काठ नेमका बसेल तेवढा त्या भांड्याच्या तोंडाचा व्यास. बोटभर तुकड्यावरून अख्खं मडकं कागदावर उभं राहतं. जोर्वे गावच्या नावाने ओळखली जाणारी ती लालसर, पातळ, खणखणीत भांडी, त्यांवरची काळी नक्षी आणि तोटी एकदा हातात खेळली की नांगरलेल्या शेतातसुद्धा त्यांचा तुकडा दुरून ओळखू येतो.

आता पालकांसाठी. बारावीला अमुकच शाखा हवी असं नाही. सांकलिया संस्कृतचे विद्यार्थी होते. आज जळक्या दाण्यांसाठी वनस्पतिशास्त्र, हाडांसाठी प्राणिशास्त्र, दगडी हत्यारांसाठी भूशास्त्र शिकलेली मुलं लागतात. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा नागपूर विद्यापीठात एम.ए. करता येतं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, अध्यापन. जागा थोड्या आहेत आणि जाहिराती वेळेवर निघत नाहीत, हे मी लपवणार नाही. घरची अडचण असेल तर हाताशी दुसरं काही ठेवूनच या वाटेला या. ढवळीकरांचं ‘पुरातत्त्वविद्या’ मराठीत आहे, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ते वाचा.

पण पदवीची वाट न पाहता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघा. तिथल्या गावकऱ्यांना, गुराख्यांना ती ठाऊक होती. रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून, विचारपूस करून त्यांच्या नोंदी केल्या, आणि 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कुदळ लागली नाही. लागली ती पायपीट आणि वही.

परवान्याशिवाय उत्खनन करणं बेकायदा आहे, तेव्हा घरामागे खड्डा खणून पाहू नका. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं धन जमिनीत मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी, मूर्ती विकत घेऊन संग्रह करण्याच्या नादाला तर लागूच नका. तुमच्या पैशाने कुठल्या तरी टेकाडाला खड्डा पडतो.

मग करायचं काय, ते सांगायला उन्हाळ्याइतका योग्य मोसम नाही. नदीकाठच्या बहुतेक जुन्या गावांना पांढर असते. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंती यांचं ते टेकाड. ती माती खताला उत्तम, म्हणून पेरणीआधी ट्रॉल्या भरभरून शेतांत जाते. पूर्वी बैलगाडीने जायची, आता जेसीबी लागतो आणि हजार वर्षांचे थर आठवड्याभरात साफ होतात. शेतकऱ्याला दोष द्यायला मी आलेलो नाही. त्याच्याशी बोला, त्याला कधी काय मिळालं ते विचारा. माती कापल्यावर जो उभा काठ उघडा पडतो त्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, तारीख आणि गट नंबर लिहा, किती थर दिसतात, कुठल्या थरात कसली खापरं आहेत ते टिपा. खापरं जागेवर राहू द्या. ती वही घेऊन पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात किंवा जवळच्या विद्यापीठात जा. एकदा परत पाठवलं तर पुन्हा जा. पाऊस यायला अजून महिना-दीड महिना आहे. ज्यांच्या गावात पांढर उपसणं चालू आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर इथे थांबा, नकाशा माझ्याजवळ आहे.